श्री राजा शिव : एका पैशाची कहाणी

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा लढायांच्या अंगाने वाचतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र तर महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. तेच चरित्र मी येथे एका क्षुल्लक वस्तूच्या आधाराने सांगू इच्छितो. ती वस्तू म्हणजे शिवराई, महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा.

महाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. त्या काळी मुलखात जी नाणी चालत ती परक्या सत्तांची होती. त्यांवरची अक्षरे बहुधा फारसी असत आणि ती शेतकऱ्याला वाचता येत नसत. पुढे १६५६ मध्ये जावळी व रायरी हाती आली, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी आली आणि आपल्या कोकणात स्वराज्याचा पाय रोवला गेला. अफझलखान, शाहिस्तेखान, सुरत हे सारे प्रसंग वाचकांस ठाऊकच आहेत. १६६५ साली मात्र पुरंदरच्या तहात २३ किल्ले आणि वर्षाला चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. ज्या होनांत ही मोजदाद झाली, ते होनही तेव्हा महाराजांच्या नावाचे नव्हते. आग्र्याची कैद सोसून महाराज परतले आणि १६७० पासून गेलेले किल्ले त्यांनी पुन्हा घेतले.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडण्यात आली. एका बाजूस श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूस छत्रपति, एवढीच अक्षरे, तीही नागरीत. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनी करविला. नाण्यावरची नागरी हे त्याच विचाराचे दुसरे रूप नव्हे काय?

आता ही शिवराई हातात घेऊन पाहिली तर प्रथम निराशाच होते. तिला धड गोलाई नाही. कडा चिरलेल्या, कुठे पापुद्रा सुटलेला, अक्षरे अर्धी नाण्यावर व अर्धी नाण्याबाहेर. मोगलांच्या रेखीव रुपयाशेजारी ती ठेवली की ओबडधोबड वाटते. हे असे का झाले, याचे उत्तर टांकसाळीच्या कामात आहे.

त्या काळी सारे काम हातावर चाले. तांबे मुशीत वितळवायचे, ठोकून त्याचा पत्रा किंवा कांब करायची, तुकडे तोडून वजन जमवायचे आणि तुकडा खालच्या ठशावर ठेवून, वर दुसरा ठसा धरून, घण मारायचा. तांब्याचा स्वभाव असा की ठोकावे तसे ते कडक होत जाते. मधून मधून तापवून मऊ केले नाही तर कडेला चीर पडते. ओतताना आत हवा कोंडली किंवा मळी राहिली, तर ठोकताना ती पसरून पापुद्रा तयार होतो आणि पुढे तो पापुद्रा अक्षरासकट निघून जातो. शिशाचा वा गंधकाचा अंश राहिला तर तांबे ठिसूळ होते. ठसाच तडकला असेल तर नाण्यावर उंच रेघ उमटते, उलट धातू चिरला असेल तर खोल भेग दिसते. कारागीर कोठे घाईत होता आणि तांबे कोठे वाईट होते, हे नाणेच आपल्याला सांगते.

परंतु दोष वेगळा आणि खोट वेगळी. चिरलेला पैसा वजनात पुरा असेल तर तो प्रामाणिकच आहे. उलट गुळगुळीत नाण्यात हीण मिसळले असेल तर ती रयतेची फसवणूक होय. हा भेद महाराजांना पुरता ठाऊक होता. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील तहासाठी रायगडावर आला होता. इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, अशी एक मागणी त्याने मांडली. महाराजांचा अभिप्राय असा पडला की, कोणाच्याही नाण्याला मनाई नाही, पण तोटा सोसून ते घ्यावे अशी सक्ती प्रजेवर करता येणार नाही. वजन आणि कस इतर राजांच्या नाण्यांइतका असेल तर ते आपोआप चालेल. तलवारीच्या बळावर राज्य उभारणारा पुरुष नाण्याचा निवाडा रयतेच्या हाती ठेवतो, ही गोष्ट मला कोणत्याही लढाईइतकीच मोठी वाटते.

३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर निवर्तले. १६८९ मध्ये गडही मोगलांकडे गेला. परंतु महाराजांच्या नावाचा पैसा काही थांबला नाही. पेशवाईत खाजगी इसमांना परवाने देऊन शिवराया पाडल्या जात. आमच्या रोहे तालुक्यातील नागोठण्यास १७४४ च्या सुमारास बाळाजी बापूजी नावाच्या गृहस्थास असा परवाना मिळाला होता आणि पैसा १० माशांचा असावा, असे त्यास बजावले होते. वजनाची ही ताकीद उगाच नव्हती. १७६० च्या सुमारास धारवाडकडील खाजगी टांकसाळी हिणकस नाणी पाडतात म्हणून पेशव्यांना बंद कराव्या लागल्या.

आमच्या निडीच्या घरी देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. ती खुद्द महाराजांच्या हातची, अशी आजीची श्रद्धा. तिची एक कड चिरलेली आहे आणि मागे अक्षरांखाली दोन आडव्या रेघा आहेत. अशा नाण्याला दुदांडी शिवराई म्हणतात आणि ती पेशवेकाळातली असते. शिकलेल्या नातवाने हे सांगावे की झाकून ठेवावे, असा प्रश्न मला पडला. अखेर सांगितले. आजीने ऐकून घेतले, नाणे पदराने पुसले आणि पुन्हा देवाजवळ ठेवले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला जे उमगले ते मला पुस्तकांतून उमगले नव्हते. राजा गेल्यावर शंभर वर्षांनीही लोक त्याच्या नावावर विश्वासून पैसा घेत होते, यापेक्षा मोठा मान तो कोणता?

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावरही काही काळ शिवराई बाजारात फिरत राहिली. पुढे यंत्रावरचे गोल, एकसारखे पैसे आले आणि ती देव्हाऱ्यात व गाठोड्यात गेली. अशी शिवराई कोणाच्या घरी असेल तर त्याने ती चिंच लावून घासू नये. त्या भेगांत आणि पापुद्र्यांत अनाम कारागिरांचा इतिहास आहे, आणि तो वाचण्याचे काम आता आपल्या पिढीचे आहे.