रेवतीच्या बाजूचे केरूनाना

२०२३ साली आमच्या घरी गणपती बसले १९ सप्टेंबरला. रोह्याच्या मावसभावाकडे ते ऑगस्टमध्येच येऊन गेले. त्यांच्याकडे टिळक पंचांग. पेणच्या मूर्तिकाराला त्याने आषाढापासूनच तगादा लावला होता. खरी चतुर्थी कोणती, असे धाकट्या सुनेने विचारले आणि मला केरूनाना छत्रे आठवले.

केरो लक्ष्मण छत्रे आपल्याच जिल्ह्यातले, अलिबागजवळच्या नागावचे. आईबाप लहानपणीच गेले. मुंबईला काकांनी वाढवले. मिसरूड फुटण्याच्या वयात ते कुलाब्याच्या वेधशाळेत लागले आणि दहाएक वर्षे हवेच्या व चुंबकत्वाच्या नोंदी घेत राहिले. पुढे पुण्यात प्राध्यापक झाले. टिळक, आगरकर त्यांचे विद्यार्थी. सूर्यावरचे डाग आणि आपले हवामान यांचा संबंध असावा, हाही त्यांचा ध्यास होता.

तेव्हाची पंचांगे ‘ग्रहलाघवा’वरून होत. तो ग्रंथ नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा, १५२० सालचा. साडेतीन शतकांत गणित आणि आकाश यांत फरक पडला होता. ताळा जुळत नसला की जिवाची काय तगमग होते, हे मला बँकेतल्या नोकरीने शिकवले आहे! केरूनानांनी १८६० साली ग्रहसाधनाची नवी कोष्टके दिली, १८६५ पासून पटवर्धनी पंचांग काढले. बहुतेक लोक मात्र जुन्यालाच चिकटून राहिले.

खरा वाद मेष राशीच्या आरंभाचा. केरूनानांनी तो रेवतीच्या एका अगदी मंद ताऱ्यापाशी धरला. दुसरा पक्ष तेजस्वी चित्रेच्या बरोबर समोरच्या बिंदूपाशी धरतो. अंतर चार अंशांचे, म्हणजे सूर्याच्या चार दिवसांचे. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला, आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच बदलतो.

केरूनाना १८८४ साली गेले. गुरूची बाजू टिळकांनी उचलली, पण मेघनाद साहांच्या समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष घेतला. आरंभबिंदू कुठे धरायचा हा शेवटी मानण्याचा प्रश्न. तिथे केरूनाना हरले. गणित आकाशाशी पडताळून घ्यावे हा त्यांचा हट्ट मात्र आज चित्रापक्षाची पंचांगेही पाळतात.

सुनेला हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि दोन्हीकडचे मोदक खायला मिळाले हे बरेच झाले म्हणाली. मावसभाऊ मात्र अजून आम्हालाच चुकीचे ठरवतो.