साने गुरुजी आणि त्यांचे सोबती

‘श्यामची आई’ आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांत असेल. निदान साने गुरुजींचं नाव माहीत नाही असं घर सापडायचं नाही. पण हा माणूस एकट्याने कोपऱ्यात बसून लेखक झाला नाही. त्याला सोबत्यांनी लेखक केलं. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा हेच सांगावंसं वाटलं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगडला झाला. पालगड दापोली तालुक्यातलं, म्हणजे आम्हा महाडकडच्या लोकांना शेजारचंच. घरात गरिबी होती. औंध, मग पुणे असं करत, हालअपेष्टा सोसून ते शिकले. १९१७ साली आई गेली. तिची शेवटची भेटही झाली नाही. ही चुटपुट त्यांच्या लेखणीत कायमची राहिली.

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांचे अंथरुण-पांघरुण, कपडे आवरायचे, खोल्या झाडायच्या आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिकही काढायचं! छापखाना नाही, वर्गणी नाही. वाचक मात्र एका छपराखालचे. गुरुजींची लेखणी इथेच घडली, असं मला वाटतं.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना दक्षिणेकडचे सोबती भेटले. तिथे ते तमिळ शिकले. प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, ही ‘आंतरभारती’ची कल्पना या संगतीतूनच रुजली.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भेटले. विनोबा आपल्याच जिल्ह्यातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी भराभर उतरवून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यामुळे आपल्या हाती आला. मी वरंधचा, त्यामुळे मला इथे आमच्या जवळची शिवथरघळ आठवते. तिथे समर्थ सांगत गेले, कल्याणस्वामी लिहीत गेले आणि दासबोध झाला, अशी आमच्याकडची श्रद्धा. ही घळ १९३० साली शोधून काढली ती धुळ्याच्याच शंकर श्रीकृष्ण देवांनी. दुसऱ्याचं बोलणं मन लावून ऐकणं, हेही साहित्यिकाचंच काम आहे.

पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातही श्याम एकटा नाही. आश्रमातले मित्र रात्री भोवती बसतात आणि तो आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री!

१९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आणि ११ जून १९५० रोजी या माणसाने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. एवढा गोतावळा असूनही आतलं दुःख कुणाला पुरतं कळलं नाही. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

सोबत्यांनी ‘साधना’ बंद पडू दिली नाही. ती आजही निघते. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. माणगावजवळ वडघरला गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक उभं आहे. गावी जाताना मुलांना घेऊन वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही.

पंचवीस वर्षं आपण एका जिन्याने चढतो-उतरतो. नोटीस बोर्डावर मेन्टेनन्सच्या थकबाकीशेजारी मुलांनी हाताने लिहिलेलं एक पान दर शनिवारी लागलं, तर खर्च काहीच नाही. मोठ्यांनी ते थांबून वाचावं. आणि शेजारचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर बेल वाजवून विचारावं, “काय, बरं आहे ना?”