कै. दादासाहेब फाळके आणि चित्रपटाचा चित्रपट

मरोळहून मरोशीच्या रस्त्याने आरे वसाहत ओलांडली की गोरेगावची चित्रनगरी लागते. तिला कै. दादासाहेब फाळके यांचे नाव दिलेले आहे. 'राजा हरिश्चंद्र'चे कर्ते म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. तथापि त्यांच्या चरित्रातील एक निराळी गोष्ट आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. पुढे छायाचित्रण केले, छापखाना काढला, आणि आडनाव उलटे फिरवून प्रो. केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेस गेले व कॅमेरा घेऊन परतले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेऊन रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. देव नाही, राजा नाही. एक वस्तू घडते कशी, एवढाच त्याचा विषय!

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. सौ. सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत व सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. हे श्रम प्रेक्षकांस कोठून दिसणार?

ते दादासाहेबांनी दाखविले. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसा तयार होतो यावरच एक लघुपट काढला. आमच्या वाडवडिलांच्या काळी हातची विद्या बापाने मुलासच द्यावी, अशी रीत होती; जादूगार तर आपली युक्ती कोणासच सांगत नाही. येथे मात्र प्रो. केळफांनी आपली पेटी आपण होऊन उघडली. नटांस शिकविण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतचे काम हेच त्यांचे कथानक झाले. या धाडसाचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

१९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. परंतु भागीदारांशी पटेना, तेव्हा ते काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, तेही नाटकाच्या धंद्यावरच. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, पैशाची ओढाताण सोसतच, त्यांचा अंत झाला.

त्या लघुपटाचे काही तुकडे आज शिल्लक आहेत. त्यांत दादासाहेब स्वतःच काम करताना दिसतात.