औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी : सूर्यनमस्कार आणि सावकाशीचं बळ



रथसप्तमी जवळ आली की आपल्या शाळांमधून सूर्यनमस्काराची तयारी सुरू होते. माझं माहेर नांदेडचं आणि नोकरी लातूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत. दोन वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गाकडून नमस्कार घालून घेत होते. कोण जास्त घालतो, अशी चढाओढ मीच लावून दिली. मुलं सुटली धडाधड! तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या कमरेत उसण भरली. त्याचे वडील मोंढ्यात हमाली करतात. ते शाळेत आले, पण भांडले नाहीत. तुरीचं पोतं हिसक्यानं उचललं की कंबर जाते, आणि उचलण्यापेक्षा ते सावकाश खाली ठेवायलाच खरी ताकद लागते, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं. डी.एड.ला शारीरिक शिक्षण विषय होता, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

त्यानंतर, ज्या माणसानं सूर्यनमस्कार शाळेच्या मैदानावर आणला त्याचं चरित्र मी शोधून वाचलं. आजच्या लेखात आपण त्यांचीच ओळख करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच बाळासाहेब, यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातलं गाव. तेव्हा ते एका छोट्या संस्थानाची राजधानी होतं. संस्थानात गावं जेमतेम बहात्तर, आणि तीही सलग नव्हे, इकडे तिकडे विखुरलेली. बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि पदवीधर झाले. चित्रकला आणि कीर्तन या दोन्हींची त्यांना मनापासून आवड. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचं चित्ररामायण प्रसिद्ध आहे. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले.

सँडोची साधनं

त्या काळात युजेन सँडो या युरोपातल्या शरीरसौष्ठवपटूचं नाव जगभर गाजत होतं. हा सँडो बाळासाहेबांपेक्षा सुमारे दीड वर्षानं मोठा. हलके डंबेल्स घेऊन, मन त्या स्नायूवर ठेवून व्यायाम करायचा, ही त्याची पद्धत. पुढे तो हिंदुस्थानातही येऊन गेला. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास त्याची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि साधारण दहा वर्षं नेमानं तो व्यायाम केला. आज जिमची फी भरून महिन्याभरात कंटाळणारी मंडळी आपण बघतो. त्यांच्यासमोर ही दहा वर्षं ठेवून बघा!

सूर्यनमस्काराकडे

पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सल्ल्यावरून, १९०८ च्या सुमारास, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर त्यांनी तो सोडला नाही. सँडोची साधनं परदेशातून यायची आणि त्यांना पैसा लागायचा. नमस्काराला लागते माणसाच्या उंचीएवढी जागा. राजवाड्यात जो व्यायाम होतो तोच शेतमजुराच्या घरातही होऊ शकतो.

बाळासाहेबांनी नमस्काराच्या दहा स्थिती नीट बसवल्या. प्रत्येक स्थितीला श्वास जोडला. प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र आणि सूर्याचं नाव जोडलं. व्यायामाच्या दृष्टीनं बघितलं तर मंत्राचा एक सरळ फायदा होतो. उच्चारासाठी थांबावंच लागतं, त्यामुळे धडाधड नमस्कार मारता येत नाहीत. ते स्वतः रोज शेकडो नमस्कार घालत असं सांगतात. पण शाळेत आपण नेमकी इथंच चूक करतो. आपण त्यांचा आकडा उचलतो आणि त्यामागची वर्षं विसरतो. थोड्यापासून सुरुवात आणि मग हळूहळू वाढ, हाच तिथला क्रम होता.

राजेसाहेबांनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचा केला. १९२८ मध्ये त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक आलं. १९३८ मध्ये लंडनहून दुसरं पुस्तक निघालं आणि औंधचा व्यायाम साता समुद्रापार गेला.

सावकाश का?

आता मोंढ्यातल्या त्या वडिलांचं म्हणणं नमस्काराला लावून बघू. दोन्ही हात आणि पायांवर शरीर सरळ धरलेलं आहे आणि तिथून छाती जमिनीकडे न्यायची आहे. मूल धपकन खाली पडलं तर काम वजनानं केलं, स्नायूंनी नाही. तेच तीन-चार आकडे मोजत खाली गेलं तर दंड, खांदे, छाती आणि पोट यांना सगळा भार तोलून धरावा लागतो. खाली जाताना स्नायू ताणला जात असतो आणि तरीही जोर लावत असतो. ताकद वाढायला हा भाग फार उपयोगी. जोर-बैठका काढणाऱ्या पैलवानांनाही हे ठाऊक असतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जितकं सावकाश तितकं चांगलं, असंही नाही. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. व्यायामाची एक आवृत्ती अर्ध्या सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत कितीही वेळात केली, तरी दमेपर्यंत केल्यास स्नायूंची वाढ जवळपास सारखीच होते, असं त्यात दिसलं. दहा सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं तर फायदा उलट कमी होण्याची शक्यता. शिवाय गोळाफेक, लांब उडी, कबड्डीतली चढाई यांना वेग लागतोच. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांना धावणं आणि गोळाफेक चुकत नाही, तेव्हा त्यांनी वेगाचा सरावही केलाच पाहिजे.

मग लहान मुलांना सावकाश का शिकवायचं? कारण सावकाश केलं की चूक दिसते. गुडघा कुठे वाकला, कंबर कुठे लचकली, श्वास कुठे अडकला, हे मुलालाही कळतं आणि आपल्यालाही. आधी रीत पक्की होऊ द्यावी, वेग नंतर आणता येतो. अक्षर गिरवताना आपण हेच करतो ना!

राजा, ज्यानं सत्ता सोडली

बाळासाहेबांची थोरवी व्यायामापुरती नाही. १९३८ मध्ये त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. महात्मा गांधींचं मार्गदर्शन घेतलं. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरनं मदत केली, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची नवी राज्यघटना अमलात आली. गावच्या पंचायतीपासून सुरुवात करून वरपर्यंत कारभार उभा करायचा, अशी तिची रचना होती. त्याच १९३८ साली आपल्या मराठवाड्यात काय चाललं होतं, आठवा. नांदेड-लातूरचा भाग निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी होती. स्वामी रामानंद तीर्थांना सत्याग्रह करून तुरुंगात जावं लागलं. एक राजा आपण होऊन सत्ता देत होता आणि दुसऱ्याकडून ती मिळवायला आपल्या माणसांना १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत झगडावं लागलं. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, औंध भारतात विलीन झालं होतं. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेबांचं निधन झालं.

वर्गात काय करावं?

मी आता आमच्या शाळेत आकड्याची स्पर्धा घेत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त तीन नमस्कार. प्रत्येक स्थितीत एक श्वास. खाली जाताना सगळा वर्ग मिळून मोठ्यानं चार आकडे मोजतो. मग दर आठवड्याला एकेक नमस्कार वाढवायचा. कुणाचं मनगट किंवा पाठ दुखली तर लगेच थांबायचं, त्यात कमीपणा नाही. ज्याला मंत्र म्हणायचा तो म्हणतो, बाकीचे आकडे मोजतात. सरावात खंड पडला नाही म्हणजे झालं.

ज्या मुलाच्या कमरेत उसण भरली होती, तोच आता पुढे उभा राहून आकडे मोजतो. घाई करणाऱ्याला थांबवतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. पालकहो, घरी मुलानं किती नमस्कार घातले हे विचारू नका. एकच घालायला सांगा, पण सावकाश. शेजारी उभं राहून तुम्हीही एक घालून बघा. कुठला स्नायू बोलतो ते लगेच कळेल.