दक्षिणा योग्य हाती पडली

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि आमच्या लोणंदला मुक्काम करते. वारीबद्दल आजवर पुष्कळांनी लिहिलं. पण दिंडीबरोबर चालता चालता, जेवायच्या वेळी मंडळी जातीजातीनं वेगळी का बसतात, असा प्रश्न मनाला लावून घेणारी एक बाई होती. इरावती कर्वे. ‘परिपूर्ती’ या पुस्तकातल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांचा तो अनुभव आहे. ‘युगान्त’मुळे त्या घराघरांत पोचल्या. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण मैत्रिणींनो, आज मला सांगायचंय ते त्यांच्या तरुणपणाबद्दल. एका हुशार मुलीची प्राध्यापक कशी झाली, त्याबद्दल.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश करमरकर तिथं नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. शिक्षणासाठी तिला लहानपणीच पुण्याला हुजूरपागेत धाडलं. शाळेत शकुंतला परांजपे मैत्रीण झाली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात ही मुलगी लेकीसारखी वाढली. १९२६ साली फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या.

आता पुढे काय? त्या काळात बी. ए. झालेली मुलगी म्हणजेच नवल. पण इरावतीबाईंना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकायला गेल्या. १९२८ साली एम. ए. झाल्या. प्रबंधाला विषय घेतला तो स्वतःच्याच चित्पावन जातीचा.

ही दक्षिणा म्हणजे काय, तेही बघू या. पेशवाईत श्रावणात पुण्यामध्ये विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. बाईमाणसाला त्यात जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हा खर्च आवरता घेतला आणि त्यातल्या काही पैशांतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. दक्षिणेचा पैसा नव्या विद्येकडे वळवा, अशी मागणी लोकहितवादींसारख्या सुधारकांनी केली. हळूहळू त्यातून मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली, कॉलेजात शिकणाऱ्या हुशार पदवीधरांना फेलोशिप मिळू लागली. ज्या पैशाला बाईचा हात लागणं शक्य नव्हतं, तो शंभर वर्षांनी एका मुलीच्या शिक्षणाला लागला! मला तर ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पण नुसत्या फेलोशिपनं सगळं होत नाही. इरावतीबाईंचं लग्न महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकररावांशी झालं होतं. ते फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. बायकोनं जर्मनीला जाऊन पीएच. डी. करावी ही त्यांची इच्छा. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या सासऱ्यांनाच हे पसंत नव्हतं! तरी डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे प्राध्यापक वंशावंशांत उच्चनीच मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूंना हवा होता तसा फरक सापडत नाही, हे प्रबंधात सरळ लिहिलं. परक्या देशात, एकटीनं, गुरूंच्या मताविरुद्ध!

डॉक्टर होऊन परतल्यावर लगेच प्राध्यापकाची खुर्ची मिळाली का? नाही. १९३१ ते १९३६ त्यांनी मुंबईला महिला विद्यापीठाचं रजिस्ट्रारचं काम पाहिलं. काम मानाचं, पण कचेरीतलं. डेक्कन कॉलेज तर सरकारनं १९३४ साली बंदच केलं होतं. माजी विद्यार्थी त्यासाठी कोर्टात भांडले आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तरुण अभ्यासकांना तिथं जागा मिळाल्या. डॉ. सांकलिया आले आणि समाजशास्त्राच्या रीडर म्हणून इरावतीबाई आल्या. वय तेहेतीस. जी संस्था दक्षिणेच्या पैशांतून उभी राहिली, तिथंच दक्षिणेची ही मानकरी शिकवायला आली.

मग त्यांनी मागं पाहिलंच नाही. ११ ऑगस्ट १९७० रोजी देहावसान होईपर्यंत त्या याच संस्थेच्या राहिल्या. नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. गावोगाव फिरून त्यांनी माणसांची मापं घेतली, जातीपातींचा अभ्यास केला. आपल्या जिल्ह्यातल्या कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली. हे काम त्यांनी थोरल्या लेकीबरोबर, फलटणच्या लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर केलं आणि १९६९ साली ते प्रसिद्ध झालं. हक्काची जागा नसती, तर यातलं किती झालं असतं?

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आता यूजीसीची फेलोशिप आहे आणि खेड्यापाड्यांतल्या मुलीही ती मिळवतात. पण पुढे? नेट-सेट झालेल्या, पीएच. डी. केलेल्या कितीतरी मुली कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवताना दिसतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही. घरचे म्हणतात, एवढं शिकून काय मिळवलंस? आणि हुशार मुलगी मुकाट्यानं पुस्तकं माळ्यावर टाकते. शिकवण्यावर सरकारनं पैसा खर्च केला, मुलीनं वर्षं घातली आणि पीक हाताशी आल्यावर कापणीच नाही.

रिकाम्या जागा भरा, हे सरकारला आणि संस्थांना ठणकावून सांगायलाच हवं. पण आपल्या हातातलंही थोडं आहे. लेक किंवा सून संशोधनाचा अर्ज भरत असेल, तर तिला आणखी दोनतीन वर्षं मिळू द्या. तिच्या अभ्यासाच्या वेळेला घरातलं काम दुसऱ्या कुणीतरी उचला. दिनकररावांनी ते केलं होतं, तेही त्या काळात. मग आपल्याला का जमू नये?