रडारचे जनक आणि त्यांचे साथीदार

शिकवणीला बसण्यापूर्वी तंबोरे जुळवून घेणे हा आमच्या घरचा जुना रिवाज. जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, म्हणजे नादात एक हेलकावा उठतो. तारा जुळत आल्या की तो मंदावतो आणि शेवटी नाहीसा होतो. शिष्यांना मी सांगतो, कान द्यावयाचा तो ह्या हेलकाव्याला. आज ज्या गृहस्थांचे चरित्र सांगावयाचे आहे त्यांनी १९३५ साली असाच एक हेलकावा डोळ्यांनी पाहिला, आणि इंग्लंडच्या रडारचा पाया घातला गेला. त्यांचे नाव सर रॉबर्ट वॉटसन-वॉट. मी विज्ञानाचा अभ्यासक नव्हे. परंतु ह्या चरित्रातील एक गोष्ट आम्हां साथसंगत करणाऱ्यांना फार जवळची आहे, म्हणून लिहावयास बसलो.

वॉटसन-वॉट यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ब्रेकिन ह्या लहानशा गावी झाला. वडील सुतारकाम करीत. मुलगा डंडी येथील कॉलेजातून १९१२ साली इंजिनिअर झाला आणि तेथेच प्राध्यापक पेडी यांच्या हाताखाली त्याला बिनतारी विद्येची गोडी लागली. १९१५ साली ते हवामान खात्यात गेले. त्या काळच्या वैमानिकांना वादळी मेघांचे मोठे भय असे. वीज चमकली की रेडिओत खरखर उठते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या खरखरीवरून वादळ कोठे आहे हे ओळखावे, असे त्यांनी मनात घेतले.

येथे एक अडचण होती. एका ठिकाणी बसून ऐकणाऱ्याला आवाजाची दिशा कळते, अंतर कळत नाही. दुसऱ्या गावी बसलेल्यानेही त्याच क्षणी दिशा टिपली आणि नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या, तर त्या जेथे एकमेकींस छेदतील तेथे वादळ! विजेची चमक क्षणात विरून जाई, म्हणून ती टिपण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथोड किरणांच्या नळीचा उपयोग केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांनी पाठविलेले बिनतारी संदेश ऐकून त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी हीच युक्ती कामी आली.

१९३५ च्या आरंभी इंग्लंडच्या विमान खात्याने त्यांना एक चमत्कारिक प्रश्न विचारला. बिनतारी लहरींचा झोत सोडून शत्रूच्या वैमानिकास मारता येईल काय? वॉटसन-वॉट यांनी हे गणित आपले तरुण सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांजकडे दिले, पण आडवळणाने. अमुक अंतरावर, अमुक उंचीवर असलेले आठ पाइंट पाणी ९८ अंश फॅरेनहाइटपासून १०५ अंशांपर्यंत तापविण्यास किती शक्ती लागेल, एवढेच त्यांनी विचारले. आठ पाइंट म्हणजे माणसाच्या अंगातील रक्त, हे विल्किन्स यांनी तत्काळ ओळखले. गणित मांडले तो उत्तर आले की ही गोष्ट अशक्य आहे. मग दुसरे काय करता येईल? विल्किन्स यांना आठवले की, जवळून विमान गेले म्हणजे संदेशात व्यत्यय येतो, असे टपाल खात्याच्या इंजिनिअरांनी नोंदविले होते. विमान मारता येत नसेल, पण ते आल्याचे तरी कळेल! त्याचेही गणित विल्किन्स यांनीच केले आणि वॉटसन-वॉट यांनी ते टिपण वर पाठविले.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याची परीक्षा झाली. डॅव्हेन्ट्री येथे बीबीसीचे प्रक्षेपण केंद्र होते. त्याच्या ४९ मीटरच्या लहरींत एक हेफोर्ड बॉम्बफेकी विमान ये-जा करीत राहिले आणि काही मैलांवर एका शेतात मोटारगाडीत ही मंडळी यंत्रापुढे डोळे लावून बसली. केंद्राकडून थेट येणारी लहर आणि विमानावर आपटून आलेली लहर यांचा मेळ पडताच पडद्यावरील ठिपका तालात लांबू-आखडू लागला. हाच तो हेलकावा. विमान सुमारे ८ मैलांपर्यंत ओळखता आले.

पुढील चार वर्षांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर केंद्रांची साखळी उभी राहिली. प्रक्षेपणाचे लोखंडी मनोरे ३६० फूट उंच आणि ग्रहणाचे लाकडी मनोरे २४० फूट. यंत्रे काही उत्तम नव्हती. अंतर बरे सांगत, दिशा मात्र कच्ची. परंतु सर्वोत्तमाची वाट पाहत बसले तर ते कधीच हाती येत नाही. आज हाती आहे त्यावर काम सुरू करावे, असे वॉटसन-वॉट यांचे मत होते. दिशेची उणीव साखळीनेच भरून काढली. बेंटली प्रायरी येथील एका खोलीत सर्व केंद्रांचे निरोप येत. दोन केंद्रांनी सांगितलेल्या अंतरांची वर्तुळे नकाशावर काढली की त्यांच्या छेदावर विमान सापडे. केंद्रांची नजर समुद्राकडे; विमाने किनारा ओलांडून आत आली म्हणजे टेकड्यांवर बसलेले निरीक्षक डोळ्यांनी व कानांनी त्यांचा माग काढीत. १९४० च्या उन्हाळ्यात मोजक्या लढाऊ विमानांवर इंग्लंडचा निभाव लागला, त्यात ह्या मेळाचा मोठा वाटा होता.

१९४२ साली वॉटसन-वॉट यांना सर ही पदवी मिळाली. १९५२ साली सरकारने रडारच्या संशोधकांना बक्षिसे दिली. त्यांत ५०,००० पौंडांचा सर्वांत मोठा वाटा त्यांचा होता. विल्किन्स यांच्या वाट्याला त्याहून फार थोडे आले. पुढे कॅनडात राहत असताना मोटार वेगाने हाकल्याबद्दल पोलिसांनी त्यांना रडारच्याच साह्याने पकडले, तेव्हा त्यांनी स्वतःवरच एक विनोदी कविता रचली. ५ डिसेंबर १९७३ रोजी इनव्हरनेस येथे ते वारले. २०१४ साली ब्रेकिन येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

जनक हा शब्द मी मथळ्यात रूढीप्रमाणे घातला आहे. लहरींच्या साह्याने जहाज ओळखण्याचे यंत्र ह्युल्समायर नावाच्या जर्मन गृहस्थाने १९०४ सालीच करून दाखविले होते. आणि विल्किन्स यांचे गणित नसते तर? उलट, वॉटसन-वॉट यांनी ते टिपण अधिकाऱ्यांच्या गळी उतरविले नसते, माणसे जमविली नसती, तर ते गणित कागदावरच राहिले असते, हेही तितकेच खरे. गवयावाचून मैफल नाही. पण गवई दम घेतो तेव्हा सूर धरून ठेवणारा दुसराच कोणी असतो.

माझे वडील राजवाड्यावर सारंगीची साथ करीत. आमच्या घरी एका मैफलीचे छायाचित्र आहे. त्याखाली गवयांचे नाव आहे. डावीकडच्या कडेला गज धरलेला अर्धा हात दिसतो, तो माझ्या वडिलांचा. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र त्या छायाचित्राकडे फार वेळ पाहवत नाही.

डॅव्हेन्ट्रीजवळच्या त्या शेतासमोर एक स्मृतिफलक आहे. त्यावर रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स अशी दोन्ही नावे कोरली आहेत. हे वाचले तेव्हापासून माझ्या शिष्यांच्या वार्षिक गायनाच्या पत्रिकेत मी तंबोऱ्यावर बसणाऱ्या मुलांचीही नावे छापवितो. छपाईला एक ओळ जास्त लागते, एवढेच.