राजमाता त्सू-शी आणि चिनी स्त्रीचे पाय

चीनची राजमाता त्सू-शी हिचे नाव निघाले की तिच्या क्रौर्याच्याच कथा सांगितल्या जातात. मला मात्र तिच्या चरित्रातील एक निराळीच गोष्ट विचारात पाडते.

१८३५ साली जन्मलेली त्सू-शी मांचू कुळातली. हान चिनी घरांतून पाच-सहा वर्षांच्या मुलींच्या पायाची बोटे तळव्याखाली दुमडून पट्ट्यांनी करकचून आवळीत. मांचू स्त्रियांना ती चाल निषिद्ध होती. त्सू-शी खालच्या दर्जाची उपपत्नी म्हणून राजवाड्यात आली. तेथे रात्री कोणाला बोलवायचे ते बादशहा भोजनाच्या वेळी नावांच्या पाट्यांतून निवडी आणि खोजे त्याची नोंद ठेवीत. १८५६ साली तिला पुत्र झाला नि तिचे दैव फळफळले. १८६१ साली बादशहा वारला, आणि पडद्याआड बसून ती कारभार पाहू लागली.

१९०२ साली तिने हान कुटुंबांना पाय बांधणे सोडण्याविषयी फर्मान काढले. पण तो केवळ उपदेश होता, शिक्षेची तरतूद नव्हती. १८९८ साली सहा सुधारकांचा शिरच्छेद करविताना न कचरलेली ही बाई येथे इतकी मऊ का झाली? मला वाटते, खांग-शी बादशहाच्या कारकिर्दीतील बंदी १६६८ साली मागे घ्यावी लागली होती, हे ती विसरली नसावी. तख्तापुढे माना तुकविणारी प्रजा घरच्या रूढीपुढे तख्तालाही जुमानीत नव्हती.

१९०८ साली ती वारली. प्रजासत्ताकाने १९१२ साली बंदी घातली; तरी खेड्यापाड्यांतून मुलींचे पाय पुढे कित्येक वर्षे आवळले जातच होते.